पुणे डिव्हिजनच्या वाटेवरील आर्मेनिया

1916 सालच्या एप्रिल महिन्याच्या 29 तारखेस, तैग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कुत-अल-अमारा या गावी, 147 दिवसांचा वेढा सोसून, घोड्या-खेचरांचे मांस खाऊन आणि अखेर तेही संपत आल्यावर, जनरल टाउनशेंड याच्या हाताखालील फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हा जे सुमारे 13,000 लोक कैद झाले त्यांत हिंदी शिपाई व बाजारबुणगे यांचाच भरणा मोठा होता. आणि त्या शिपायांत 103 वी, 110 वी व 117 वी या मराठा पलटणींतील रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या मुलखांतली माणसे होती. ज्या फौजेचा हा शेवट झाला तिचे सरकारी दफ्तरातील नावच मुळी ‘सहावी पुणे डिव्हिजन’ असे होते. या पराभवाची लष्करी कैफियत इंग्रजीत पुष्कळ लिहिली गेली आहे. परंतु या कैद्यांना ज्या वाटेने नेण्यात आले, त्या वाटेवर त्यांच्या अगोदर एक वर्षभर दुसऱ्याच एका लोकसमुदायाची रवानगी चाललेली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही. आणि आर्मेनियन लोकांच्या दुःखाशी मराठी माणसाचा जो प्रत्यक्ष संबंध आला तो याच वाटेवर आला.

बगदादपासून सामऱ्यापर्यंत आगगाडी होती. तेथून पुढे तिक्रित, मोसुल, निसिबिन असा उन्हाने भाजलेला शेकडो मैलांचा पल्ला साध्या शिपायांना पायी तुडवावा लागला. पायांत जोडे नाहीत, पखालीत पाणी नाही, हगवणीने माणसे रस्त्यातच बसत आणि जी बसली ती बहुधा उठत नसत. टाउनशेंडसाहेबाची व्यवस्था मात्र तुर्की सरकारने इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात लावून दिली. निसिबिनच्या अलीकडे-पलीकडे या कैद्यांना जी गावे लागली त्यांपैकी कित्येक ओस पडलेली होती: घरे उभी, पण माणूस नाही, विहिरी होत्या, पण त्यांत प्रेते टाकलेली. कैदेतून सुटून आलेल्यांनी पुढे ज्या आठवणी लिहिल्या त्यांत या ओसाड वस्त्यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. ती आर्मेनियन लोकांची गावे होती.

या वाटेच्या शेवटी रास-अल-ऐन नावाचे ठाणे होते, आणि जर्मन इंजिनियरांच्या देखरेखीखाली बांधला जात असलेला बगदादचा लोहमार्ग त्या सुमारास तेथपर्यंतच येऊन थांबला होता. हिंदी कैद्यांना या लोहमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले. हेच ठाणे आर्मेनियन निर्वासितांच्या छावणीचेही ठिकाण होते. आणि पुणे डिव्हिजनचे कैदी तेथे पोहोचण्यापूर्वी काही महिने, त्याच वर्षाच्या वसंतात, त्या छावणीतील हजारो बायकामुलांना खाबूर नदीच्या बाजूला नेऊन ठार करण्यात आले होते. उरलेसुरले जे होते त्यांच्याशी आपल्या शिपायांचा सहवास घडला. बंगाल अँब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी हे या कैद्यांपैकीच एक. त्यांनी रास-अल-ऐन येथील व पुढे हलबच्या (अलेप्पोच्या) इस्पितळातील दिवसांचे जे टिपण गुप्तपणे जपले, त्याचे बंगाली पुस्तक चाळीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यांच्या त्या पुस्तकात आर्मेनियन माणसे येतात ती कोणत्याही वादातला पुरावा म्हणून येत नाहीत. बरोबर उपाशी असलेली, बरोबर आजारी असलेली माणसे म्हणून येतात. आर्मेनियन जनांविषयी जगाने जे असंख्य कागद लिहिले त्यांत या साक्षीचे मोल मला फार मोठे वाटते, कारण ती देणाऱ्याला त्या दुःखापासून काहीही मिळवावयाचे नव्हते.

हे लोक कोण आणि त्यांच्यावर हा प्रसंग का गुदरला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस व अनातोलियाच्या पूर्वेस पसरलेल्या पठारावर राहणारा हा प्राचीन समाज. चौथ्या शतकाच्या आरंभीच त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला आणि पाचव्या शतकात मेस्रोप माश्तोत्स याने त्यांच्या भाषेला स्वतंत्र लिपी दिली. पुढे त्यांचा बहुतेक मुलूख उस्मानी सुलतानांच्या अंमलाखाली गेला आणि शेतकरी, कारागीर, व्यापारी व सावकार अशा नाना रूपांनी ते त्या साम्राज्याची रयत होऊन राहिले. साम्राज्याला उतरती कळा लागली तशी या रयतेची कुचंबणा वाढली. 1878 च्या बर्लिनच्या तहातील 61 व्या कलमाने सुलतानाने आर्मेनियन प्रांतांत सुधारणा करण्याचे व लोकांना संरक्षण देण्याचे वचन युरोपातील सत्तांना दिले, आणि त्या वचनाच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचे त्या सत्तांनी पत्करले. माझ्या मते या लोकांच्या दुर्दैवाचा एक मोठा धागा येथेच सापडतो. ज्या रयतेविषयी परकी सत्ता आस्था दाखवितात पण रक्षणाला येत नाहीत, ती रयत आपल्या धन्याच्या नजरेत एकदम संशयित ठरते. तिला परक्यांचा आश्रय तर मिळत नाहीच, पण आश्रय घेतल्याचा दोष मात्र माथी येतो. 1894 ते 1896 या वर्षांत सुलतान अब्दुल हमीदच्या काळी ज्या कत्तली झाल्या त्यांत मेलेल्यांचा अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत केला जातो. त्या वेळी ब्रिटनचे माजी पंतप्रधान, 86 वर्षांच्या ग्लॅडस्टनने लिव्हरपूल येथे अखेरचे मोठे भाषण केले, अमेरिकेच्या रेडक्रॉसच्या क्लारा बार्टन मदत घेऊन गेल्या, वृत्तपत्रे भरून गेली. आणि बर्लिनचे 61 वे कलम जेथे होते तेथेच राहिले.

1915 साली जे घडले ते याहून निराळ्या जातीचे होते. महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूला उतरले, सारिकामिशच्या बर्फात रशियाकडून त्याच्या फौजेची वाताहत झाली, आणि सत्तेवर असलेल्या तरुण तुर्कांच्या मंडळाने आर्मेनियन समाजच शत्रूला सामील आहे असे ठरविले. 24 एप्रिल 1915 च्या रात्री इस्तंबुलातील आर्मेनियन लेखक, वकील, पत्रकार, पुढारी यांची धरपकड झाली. 27 मे रोजी लोकांना मूळ जागेवरून हलविण्याचा कायदा निघाला. सैन्यात असलेल्या आर्मेनियन पुरुषांना निःशस्त्र करून मजुरीवर लावले व पुष्कळांना मारून टाकले. आणि उरलेल्या बायका, मुले, म्हातारे यांचे तांडे सीरियाच्या वाळवंटाकडे, देर-एझ-झोरच्या दिशेने हाकलले गेले. बहुतेक अभ्यासक मृतांचा आकडा दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक, पंधरा लाखांपर्यंत धरतात. तुर्की प्रजासत्ताक मृत्यू नाकारीत नाही, पण हा ठरवून केलेला वंशसंहार होता हे आजही मान्य करीत नाही. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे की हा दोन धर्मांचा झगडा म्हणून समजणे अन्यायाचे होईल: हलबचा वाली (प्रांताधिकारी) जलाल बे याने रवानगीचे हुकूम बजावण्याचे नाकारले व त्यापायी जागा गमावली, आणि कितीएक अरब व कुर्द कुटुंबांनी आर्मेनियन मुले आपल्या घरात लपवून वाढविली.

जगाला हे कळले नव्हते काय? कळले होते, आणि बहुतेक सर्व, बहुतेक वेळेवर कळले होते. 24 मे 1915 रोजीच ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांनी संयुक्त जाहीरनामा काढून या कृत्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले आणि तुर्की सरकारातील माणसांना व्यक्तिशः जबाबदार धरण्याची ताकीद दिली. अमेरिका तेव्हा तटस्थ होती, म्हणून तिचा वकील हेन्री मॉर्गेन्थाऊ इस्तंबुलातच होता, आणि त्याचे जिल्ह्याजिल्ह्यांतले कॉन्सल जे पाहत ते त्याला कळवीत. जुलैमध्ये त्याने आपल्या सरकारला तार केली की येथे एका वंशाच्या उच्छेदाची मोहीम चालू आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या एका वर्षात या विषयावर सुमारे 145 वार्तालेख छापले. जर्मनी तर तुर्कस्तानची दोस्त सत्ता. तरीही जर्मन पाद्री योहानेस लेप्सियस याने सेन्सॉरची नजर चुकवून अहवाल छापला, आणि आर्मिन वेग्नर या जर्मन लष्करी परिचारकाने मनाई असतानाही निर्वासितांची छायाचित्रे काढून बाहेर आणली. 1916 मध्ये लॉर्ड ब्राइस व तरुण इतिहासकार आर्नल्ड टॉइन्बी यांनी साक्षीदारांच्या जबान्यांचा मोठा ग्रंथ ब्रिटिश सरकारच्या शिक्क्याने प्रसिद्ध केला. त्यातील जबान्या खऱ्या होत्या. पण तो छापण्यामागे सरकारचा हेतू युद्धप्रचाराचा होता, हे टॉइन्बीनेच पुढे कबूल केले. सत्य असलेली गोष्ट स्वार्थासाठी सांगितली गेली म्हणजे ज्यांचा सांगणाऱ्यावर विश्वास नाही ते ती गोष्टच खोटी मानू लागतात, आणि याचे परिणाम, पुढे दिसेल त्याप्रमाणे, थेट आपल्या नागपूरपर्यंत येऊन पोहोचले.

सरकारांनी जे केले नाही त्यातले काही लोकांनी केले. अमेरिकेत मॉर्गेन्थाऊच्या तारेवरून जी मदत-समिती उभी राहिली व जिला पुढे ‘निअर ईस्ट रिलीफ’ हे नाव मिळाले, तिने पंधरा वर्षांत अकरा कोटी डॉलरांहून अधिक वर्गणी जमविली आणि एक लाखाहून अधिक अनाथ मुले सांभाळली. शाळकरी मुलांनी पैसे दिले, चर्चच्या झोळ्या फिरल्या. 1923 पासून डिसेंबरातला एक रविवार असा पाळला जाई की त्या दिवशी घरात अनाथालयाच्या पंगतीचेच साधे जेवण जेवावे आणि वाचलेला पैसा निधीला द्यावा. या मदतीची एक वस्तू आजही आहे. बैरुतच्या वरच्या डोंगरात गझीर येथे याकोब क्युन्झलर या स्विस गृहस्थाने चालविलेल्या अनाथालयात आर्मेनियन मुलींना गालिचे विणण्याचे काम शिकवीत, आणि सुमारे 400 मुलींनी मिळून तेथे एक गालिचा विणला: लांबी 18 फूट 5 इंच, रुंदी 11 फूट 7 इंच, आणि गाठी मोजून 44,04,206. त्यावर पशुपक्षी व फुलझाडे यांनी भरलेले नंदनवन आहे. ज्या हातांनी ते विणले त्यांतील किती मुलींना आपले स्वतःचे गाव आठवत असेल याची कल्पना करवत नाही. 1925 च्या डिसेंबरात तो राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना कृतज्ञतेने नजर करण्यात आला. कूलिज यांच्या वारसांनी 1982 मध्ये तो व्हाइट हाऊसला परत दिला. 2013 साली त्याच्यावरील पुस्तकाच्या प्रकाशनानिमित्त तो लोकांना दाखविण्यासाठी मागण्यात आला, तेव्हा व्हाइट हाऊसने तो कोठारातून बाहेर काढण्यास नकार दिला. तुर्कस्तान हे मित्रराष्ट्र होते. पुढच्या वर्षी थोडे दिवस तो मांडला गेला. एका महासत्तेने अनाथ मुलींची भेट स्वीकारावी, जपून ठेवावी आणि ती कोणी दिली हे मोठ्याने उच्चारण्याची मात्र तिला भीती वाटावी, याहून क्लेशकारक गोष्ट या सगळ्या इतिहासात मला थोडीच आढळली.

युद्ध संपल्यावर न्यायाची वेळ आली होती. इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयाने जुलै 1919 मध्ये तलात, एन्व्हर व जमाल या तरुण तुर्कांच्या सत्ताधारी त्रिकुटाला त्यांच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा फर्माविली; ब्रिटिशांनी दुसऱ्या अनेक आरोपींना माल्टा बेटावर नेऊन ठेवले. पण खटले उभे राहिले नाहीत, आणि 1921 मध्ये त्या आरोपींना तुर्कांच्या हाती असलेल्या ब्रिटिश कैद्यांच्या मोबदल्यात सोडून देण्यात आले. 1918 च्या मे महिन्यात जन्मलेल्या स्वतंत्र आर्मेनियन प्रजासत्ताकाचे पालकत्व अमेरिकेने पत्करावे ही सूचना अमेरिकन सिनेटने 1 जून 1920 रोजी फेटाळली. ऑगस्टात झालेल्या सेव्रच्या तहाने आर्मेनियाला विस्तृत मुलूख देऊ केला. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष विल्सनने नकाशावर त्याची सीमा आखून दिली. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका बाजूने तुर्की फौजा व दुसऱ्या बाजूने बोल्शेविक यांच्या कात्रीत सापडून ते प्रजासत्ताक नाहीसे झाले. 1923 च्या लोझानच्या तहात आर्मेनिया हा शब्दच नाही.

त्याच डिसेंबर 1920 मध्ये नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. वर्ध्याचे जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते. असहकाराचा ठराव येथे पक्का झाला, आणि त्या असहकाराचे एक मुख्य कारण खिलाफतीचा, म्हणजे तुर्की सुलतानाच्या सत्तेचा प्रश्न हे होते. आमचे कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातले, नागपूर–अमरावती रस्त्यावरचे गाव. ज्या चळवळीने वर्धा जिल्ह्याचे रूप पालटून टाकले तिची द्वाही ज्या शहरात फिरली, त्याच शहरात तुर्की साम्राज्य अभंग ठेवण्याची मागणी झाली, आणि त्याच महिन्यात त्या साम्राज्याच्या कडेला एका पीडित समाजाचे राज्य बुडाले, ही दोन्ही सत्ये मनात एकत्र धरणे अवघड जाते, तरी धरली पाहिजेत. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लंडनला गेलेल्या खिलाफत शिष्टमंडळाला ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जने आर्मेनियन कत्तलींचा सवाल केला, तेव्हा मौलाना महंमद अली यांनी अशा कृत्यांचा निषेध केला आणि निःपक्षपाती चौकशी समिती नेमा अशी मागणी केली. गांधीजींचे इंग्रज मित्र दीनबंधू अँड्र्यूज यांना मात्र खिलाफतीच्या मागणीत आर्मेनियन व अरब यांच्या स्वातंत्र्याचे काय होणार ही शंका बोचत होती, आणि ती त्यांनी गांधीजींपुढे स्पष्ट मांडली. गांधीजींचे ‘यंग इंडिया’तील उत्तर असे होते की तुर्की अंमलाखालील मुसलमानेतर प्रजेच्या रक्षणाची पूर्ण हमी घ्यावी, पण आर्मेनियाच्या नावाने इंग्रज जे बोलतात त्यावर विश्वास कसा ठेवावा.

हा अविश्वास अकारण नव्हता. जालियनवाला बागेला तेव्हा दोन वर्षेही लोटली नव्हती, आणि अमृतसरच्या हत्याकांडावर पांघरूण घालू पाहणारे सरकार अनातोलियातील हत्याकांडावर अश्रू ढाळीत होते. तरीही मला वाटते की अँड्र्यूजांची शंका जास्त खरी होती. सांगणारा अप्रामाणिक आहे हे एकदा ठरविल्यावर सांगितलेल्या गोष्टीची आपण स्वतः चौकशी करावयाची असते. आणि आपल्यापाशी ती चौकशी करावयास साक्षीदार होते. रास-अल-ऐनहून परतलेले शिपाई त्या वेळी सातारा-रत्नागिरीच्या गावांत जिवंत होते. त्यांना विचारावे असे कोणाला सुचले नाही: सरकारला त्यांच्या पराभवाची वाच्यता नको होती, आणि चळवळीला पलटणीतील माणूस आपला वाटत नव्हता.

आर्मेनियन समाज हिंदुस्थानला अपरिचित नव्हता, हे तर याहून विशेष. 1794 साली जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘आझदारार’ निघाले ते मद्रासेत. मुंबईच्या कोटात मेडोज स्ट्रीटवर त्यांचे सेंट पीटर चर्च 1796 मध्ये उभे राहिले, आणि त्या जागी त्यांची प्रार्थना-वास्तू आजही आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेत कर्नल जेकब पेट्रस हा आर्मेनियन सरदार दीर्घकाळ चाकरीस होता.

पुढची कथा या गुन्ह्याला नाव मिळण्याची आहे, आणि नावावाचून गुन्हा शाबित होत नसतो. 1921 च्या मार्चमध्ये बर्लिनच्या रस्त्यावर सोघोमोन तेहलिरियन या आर्मेनियन तरुणाने तलात पाशाला गोळी घातली व जर्मन पंचांनी त्याला निर्दोष सोडले. राफाएल लेम्किन या पोलंडमधील कायद्याच्या विद्यार्थ्याला या खटल्याने अस्वस्थ केले: एका माणसाला मारणे गुन्हा आहे, मग दहा लाखांना मारणाऱ्यावर खटला भरण्याचा कायदा का नाही? वंशसंहाराला त्याने 1944 मध्ये स्वतंत्र संज्ञा दिली, आणि 9 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार संमत केला. भारताने त्यावर 1949 मध्ये सही केली व 1959 मध्ये त्याला मान्यता दिली. 1965 च्या 24 एप्रिलला सोव्हिएत अंमलाखालील येरेवानमध्ये लाखभर लोक रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी उरुग्वे या छोट्या देशाने आर्मेनियन वंशसंहाराला सर्वप्रथम अधिकृत मान्यता दिली. फ्रान्सने 2001 मध्ये, जर्मनीच्या संसदेने 2016 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने 2021 मध्ये तेच केले. भारताने ती अजून दिलेली नाही. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी एप्रिल 2017 मध्ये येरेवानच्या टेकडीवरील स्मारकास भेट दिली, इतकेच.

आणि नाव मिळाल्याने रक्षण मिळते असेही नाही. डिसेंबर 2022 पासून अझरबैजानने नागोर्नो-काराबाख येथील आर्मेनियन वस्तीचा लाचिनचा रस्ता अडविला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये तो मोकळा ठेवण्याचा हुकूम दिला. रस्ता मोकळा झाला नाही. आणि त्या सप्टेंबरात एका दिवसाच्या लढाईनंतर एक लाखाहून अधिक माणसे आठवड्याभरात घरेदारे सोडून आर्मेनियात आली. याच काळात आर्मेनियाने भारताकडून होणारी शस्त्रखरेदी वाढविली आहे, आणि तीत पिनाक ही अग्निबाणप्रणाली आहे. पिनाकचे अग्निबाण नागपूरच्या परिसरात बनतात. कारंज्याहून कोंढाळी, बाजारगाव करीत नागपूरला जाणारा संत्र्यांचा ट्रक ज्या दारूगोळ्याच्या कारखान्यांवरून जातो, त्या उद्योगाशी आज आर्मेनियाच्या सीमेचा संबंध जुळला आहे. ज्या लोकांना शतकभर सहानुभूती मिळाली त्यांनी शेवटी शस्त्रे विकत घ्यावीत, याला दोष देण्याचा अधिकार त्यांना सहानुभूतीपलीकडे काही न देणाऱ्यांना नाही.

आपल्याकडून एक काम मात्र अजून होण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धातील कैद्यांच्या याद्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने सर्वांना पाहता येतील अशा खुल्या केल्या आहेत. मराठा पलटणींची परंपरा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात जपली जाते. आणि रत्नागिरी-साताऱ्याच्या घरांत पेन्शनीची कागदपत्रे, पदके, कैदेतून आलेली पत्रे अजून असण्याचा संभव आहे. कुतहून रास-अल-ऐनपर्यंत चालत गेलेल्या मराठी शिपायांनी घरी येऊन त्या ओस गावांविषयी काय सांगितले, हे त्यांच्या नातवंडा-पतवंडांना विचारून कोणी लिहून काढील, तर आर्मेनियन लोकांच्या साक्षीत एक मराठी जबानीही दाखल होईल. आणि विचारणाऱ्याने हे काम लवकर हाती घ्यावयास हवे, कारण ज्यांनी आजोबांच्या तोंडून ते ऐकले ती पिढीही आता वृद्ध झाली आहे.